हाडात भरलेल्या पांढऱ्या चुऱ्याचं पुढं काय होतं? मराठवाड्यातल्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना खुलं पत्र

नमस्कार सर, नमस्कार मॅडम.

संभाजीनगरला माझा इम्प्लांट सप्लायचा धंदा आहे. प्लेट, स्क्रू, नेल, वायर तर आहेच पण अलीकडं बोन सब्स्टिट्यूट बी ठेवतो, म्हणजे हाडाच्या जागी भरायचे ते पांढरे ग्रॅन्युल, ब्लॉक, सिरिंजमधली पेस्ट. जालना, बीड, परभणी, हिंगोली, कधी लातूर-धाराशिवपर्यंत माझी पोरं ट्रे घेऊन जातात, नाहीतर मी स्वतः गाडी काढतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, मी कोपऱ्यात मास्क लावून उभा राहिलेलो आहे, रात्री उशिरा "सकाळी केस आहे, सेट पाठव" म्हणून फोन येतो तो मीच उचलतो. तेव्हा कुणावर चिखलफेक करायला हे लिहायलोय असं समजू नका, माझं घर तुमच्यावरच चालतंय. पण एक मागणं आहे, ते एकेकाला चहा पिता पिता सांगून झालं, सगळे "बरोबर आहे तुझं" म्हणतात आणि पुढच्या केसला लागतात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

मागणं असं की आपण पेशंटच्या हाडात जो माल भरतो त्याची नोंद ठेवा. कोणता माल, किती सीसी, कुठल्या हाडात, कशासाठी, आणि पुढं सहा महिन्यानी, वर्षानी, दोन वर्षांनी एक्सरेत काय दिसलं. एक वही. प्रत्येक हॉस्पिटलची वेगळी नको, सगळ्या मराठवाड्याची मिळून एक.

हे पत्र पेशंट आणि त्यांचे नातेवाईक पण वाचतील म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी, डॉक्टर लोकांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. साधं फ्रॅक्चर असलं तर हाड आपलं आपण जुळतं, प्लेट नाहीतर रॉड फक्त त्याला हलू देत नाही. पण मोटरसायकलचा ॲक्सिडेंट होऊन नडगीचा तुकडाच रस्त्यावर राहिला, किंवा पू होऊन सडलेलं हाड काढावं लागलं, किंवा आतली गाठ खरवडून काढल्यावर पोकळी राहिली, तर तेवढा गॅप हाडाला एकट्याला भरून काढता येत नाही. तिथं आधाराला काहीतरी ठेवावं लागतं ज्याच्या अंगाखांद्यावरून नवीन हाड पसरत जाईल, त्याला स्कॅफोल्ड म्हणतात. स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंग लावतात तसं समजा, फरक एवढाच की स्लॅब पक्का झाला की सेंट्रिंग काढून घेतात आणि इथं ते आतल्या आत विरघळून जायला पाहिजे, परत पोट फाडून, आपलं, पाय फाडून काढायला कुणी जात नाही.

बहुतेक वेळा हा माल कॅल्शियम आणि फॉस्फेटचाच असतो, कारण आपल्या हाडाचा वजनानं साधारण दोन तृतीयांश भाग तोच आहे, हायड्रॉक्सीॲपेटाइट नावाचं खनिज, आणि बाकीचं मुख्यतः कोलॅजन आणि पाणी. पण नुसतं खनिज असून भागत नाही, त्यात छिद्रं पाहिजेत आणि ती छिद्रं एकमेकाला जोडलेली पाहिजेत. आत जाणाऱ्या पेशीला रक्त पोचलं नाही तर ती मरते, आणि रक्तवाहिनीपासून शंभर-दोनशे मायक्रॉनच्या (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) पलीकडं प्राणवायू धड पोचत नाही. म्हणून छिद्र किमान शंभर मायक्रॉनचं, आणि तीनशेच्या पुढं असलं तर रक्तवाहिन्या अजून सोप्या शिरतात. आता छिद्रं वाढवली की माल ठिसूळ होतो. कोपऱ्यावर बसवायला घेतलेला ब्लॉक चिमटीत धरला आणि फुटला असं तुम्ही पण पाहिलंय आणि मी पण, वर बिल कुणाच्या नावावर टाकायचं यावर आपली वादावादी पण झालेली आहे. म्हणून स्कॅफोल्ड टाकलं तरी वजन पेलायला प्लेट किंवा नेल लागतंच, आणि "पावडर टाकलीय ना मग चालू द्या की" म्हणणाऱ्या नातेवाईकांना हे कुणीतरी नीट सांगायला पाहिजे.

आता मुद्द्यावर येतो.

मागं एका खाजगी हॉस्पिटलात केसला उभा होतो. विशीतली पोरगी, गुडघ्याच्या जरा वर मांडीच्या हाडात जायंट सेल ट्यूमर, म्हणजे हाड आतून पोखरणारी गाठ. सरांनी हाडाला खिडकी पाडली, क्युरेटनं, म्हणजे खरवडायच्या चमच्यानं, आतलं सगळं काढलं, बर म्हणजे घासायचं ड्रिल फिरवलं, भरपूर धुतलं, काम एक नंबर. पोकळी एवढी निघाली की मी आणलेले दोन डबे पुरले नाहीत, गाडीतून तिसरा आणून फोडला. सिस्टरनी ग्रॅन्युल स्टीलच्या वाटीत ओतले, कंबरेच्या हाडातून सुईनं ओढलेलं रक्त त्यात टाकलं, पांढरा चुरा बघता बघता लालभडक झाला आणि सरांनी तो थोडा थोडा करून आत ठासला. प्रत्येक डब्यात चार-पाच स्टिकर येतात, त्याच्यावर लॉट नंबर, रेफ नंबर, किती सीसी, एक्सपायरी, गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्याची खूण, सगळं असतं. एक केसपेपरला चिकटला, एक माझ्या चलनावर, आणि बाकीचे ट्रॉलीवर पडले ते ग्लोव्हजच्या रिकाम्या पाकिटांसंगं कचऱ्यात गेले. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं "क्युरेटाज अँड बोन ग्राफ्टिंग". बस.

बोन ग्राफ्टिंग म्हणजे कोणतं सर? तिच्याच कंबरेचं हाड? दुसऱ्या माणसाचं? की माझ्या डब्यातला माल, आणि माझ्या डब्यातला असला तर त्यातला पण कोणता? ती पोरगी उद्या लग्न होऊन पुण्याला गेली, तिथं गुडघा दुखला म्हणून एक्सरे काढला, तर तिथल्या डॉक्टरला आत पांढरे कण दिसतील आणि त्याला कळायचं नाही की हे अजून न विरघळलेलं स्कॅफोल्ड आहे की आजार परत आलाय. हा ट्यूमर परत येऊ शकतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

कारण माल माल सारखा नसतो. कॅल्शियम सल्फेट हे आपल्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या जातीचं, १८९२ साली जर्मनीत ड्रीसमन नावाच्या डॉक्टरनं हाडाच्या पोकळ्यांमधे ते भरल्याची नोंद आहे, म्हणजे हा धंदा काय आजचा नाही. ते काही आठवड्यातच विरघळतं, कित्येकदा नवीन हाड यायच्या आधीच. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट महिनोन् महिने टिकतं, वर्षभर, कधी त्याच्याही पुढं. आणि शुद्ध भाजलेलं हायड्रॉक्सीॲपेटाइट तर वर्षानुवर्ष जसंच्या तसं बसतं. मधला मार्ग म्हणून दोन्हीचं मिश्रण विकतात, त्याच्यात कुणाचं प्रमाण साठ-चाळीस, कुणाचं उलटं. बायोॲक्टिव्ह काच वेगळीच, तिचा पृष्ठभाग शरीरातल्या पाण्यात बदलून स्वतःवर हाडासारखा थर चढवतो, फ्लोरिडाच्या लॅरी हेंचनं १९६९ मधे ती काढली आणि त्याची गोष्ट पण भारी आहे, व्हिएतनामहून परतलेल्या एका कर्नलनं बसमधे त्याला विचारलं होतं की माणसाचं शरीर नाकारणार नाही असं काही बनवता येईल का. तर सांगायचा मुद्दा, विरघळायचा वेग आणि हाड भरायचा वेग जुळायला पाहिजे, आणि तो पेशंटचं वय, जागा, तंबाखू, शुगर, प्लेट किती घट्ट बसलीय यावर पण ठरतो. आपल्या पेशंटमधे तो जुळतोय का नाही हे आपल्याला माहीत आहे का? कंपनीच्या चकचकीत पुस्तिकेत जे एक्सरे असतात ते आपल्या गावातल्या माणसाचे नसतात. नांदेड-किनवटकडं जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या माणसाच्या हाडाची घडणच वेगळी असू शकते, एक्सरेत दाट आणि आतून ठिसूळ. त्याच्यात हा माल कसा वागतो हे सांगणारा कागद मला तरी आजपर्यंत कंपनीच्या कुण्या एमआरनं (माल खपवायला येणाऱ्या प्रतिनिधीनं) दाखवला नाही.

आणि आता माझ्याच धंद्याच्या विरोधात बोलतो. पेशंटच्या स्वतःच्या कंबरेचं हाड अजून पण सगळ्यात भारी आहे, हे तुम्हीच मला शिकवलंय. त्याच्यात जिवंत पेशी असतात, हाड बनवा म्हणून सांगणारी प्रथिनं असतात, आणि सांगाडा पण असतो. माझ्या डब्यात फक्त सांगाडा आहे. स्वतःचं हाड काढायला दुसरी जखम होते, काही जणांना तिथं लई दिवस दुखतं, आणि लहान पोरात किंवा मोठ्या पोकळीत ते पुरत नाही, हे सगळं खरं. पण जिथं पुरतं तिथं पण "कोण तिथं कापत बसणार, तू एक डबा दे" म्हणून डबा फुटतो, हे पण खरं आहे आणि त्याचे पैसे पेशंट देतो. सरकारी योजनेतली केस असली की मला फोनवर "बजेटमधलं दे" ऐकू येतं, कॅशची असली की "चांगलं दे". दोन्ही माल मीच देतो. त्यातला खरंच कोणता चांगला निघाला हे मात्र मला पण माहीत नाही, तुम्हाला पण नाही. हीच तर रड आहे.

आपल्याकडं मालाची नोंद नाही म्हणता येणार नाही, बिलाची आहे. जीएसटीच्या पोर्टलवर माझा एकेक डबा आहे. पण डबा गेल्यावर हाड आलं का, हे कुठल्याच पोर्टलवर नाही. माझ्याकडं परत येतो तो चेक.

तुम्ही म्हणाल पेशंटच परत येत नाही तर नोंद कशाची ठेवायची. मान्य. बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार, उन्हाळ्यात पाय मोडला, नडगीला हाड जुळेना म्हणून दुसरं ऑपरेशन करून ग्रॅन्युल भरले. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेतलेली टोळी निघाली, तर हा काठी घेऊन ट्रॅक्टरवर बसला, कोयत्याचा हिशोब जोडीवर असतो, एकटी बायको कशी जाईल. आता तो थेट उन्हाळ्यात परत येणार, त्याच्या मधे सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटकातल्या कुठल्यातरी फडात. त्याला फॉलोअपला या म्हणणं म्हणजे उचल फेडा म्हणण्यासारखंच. पण सर, मोबाईल त्याच्याकडं पण आहे. तो जिथं आहे तिथल्या ग्रामीण रुग्णालयात एक एक्सरे निघतो, खिडकीच्या उजेडात धरून फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवता येतो. त्याचं पोरगं तर हे सहज करतं. फक्त त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे की बाबा तुझ्या पायात हे हे भरलंय, या या महिन्यात फोटो काढून या नंबरवर पाठव. आज त्याच्याकडं जे कार्ड आहे त्याच्यावर लिहिलंय काय तर "वजन देऊ नये". फडात.

आता हे नोंदीचं खूळ माझ्या डोक्यात कामून शिरलं ते सांगतो. स्वीडनमधे १९७५ साली गुडघ्याच्या सांध्यांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली आणि १९७९ साली खुब्याच्या. कुणी कोणता सांधा कुणाला बसवला आणि तो किती वर्षांनी बदलावा लागला, एवढीच साधी माहिती. त्याच्या जोरावर त्यांनी कुचकामी सांधे वापरातून काढले. ऑस्ट्रेलियाच्या अशाच नोंदीत दिसलं की एका बड्या कंपनीचा धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा इतरांपेक्षा लवकर खराब होतोय, आणि शेवटी ऑगस्ट २०१० मधे तो जगभरातून परत मागवला गेला. तोच सांधा आपल्या देशात पण हजारो लोकांना बसवलेला होता आणि नंतर सरकारनं कमिटी नेमली तेव्हा त्यातल्या बहुतेकांचा पत्ताच लागेना. माणूस जिवंत, सांधा आत, आणि वहीत नाव नाही. हाडाच्या मालाचं पण एक उदाहरण आहे. अमेरिकेत २००२ साली मणक्याच्या ऑपरेशनसाठी कोलॅजनच्या स्पंजवर हाड वाढवणारं प्रथिन टाकून वापरायला परवानगी मिळाली, लई गाजावाजा झाला, कंबरेचं हाड काढायची गरज संपली म्हणले. २०११ मधे तिथल्याच मणक्याच्या एका मोठ्या जर्नलनं अख्खा अंक काढून दाखवलं की सुरुवातीच्या अभ्यासात दुष्परिणाम नीट सांगितलेच नव्हते. माल वाईटच होता असं मी म्हणत नाही. पण स्वतंत्र लोकांनी माहिती गोळा केली म्हणून ते बाहेर आलं, कंपनीच्या भरोशावर राहिले असते तर नसतं आलं.

आपल्याकडं मटेरिओव्हिजिलन्स नावाचा सरकारी कार्यक्रम २०१५ पासून आहे, म्हणजे उपकरणामुळं काही त्रास झाला तर कळवायचं. मेडिकल कॉलेजांनी त्याच्यात पुढं यायचं आहे. पण तिथं तक्रार झाली तर कळवायचं असतं. हाड भरलंच नाही, पेशंट निवांत लंगडत राहिला, अशी गोष्ट कुणी तक्रार म्हणून लिहीत नाही. ती वहीतच सापडणार.

गुडघ्याचं बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, कारण दुकानात येऊन मला सगळ्यात जास्त विचारतात ते गुडघ्याचंच. "भाऊ, आईच्या गुडघ्यातली गादी घासलीय, तुमच्याकडं ती नवीन गादी वाढवायची पट्टी आलीय म्हणे, केवढ्याला?" फेसबुकवर कुठलंतरी व्हिडिओ बघून येतात. मी दुकानदार माणूस, मी काय सांगणार, पण सांगावं लागतं. कार्टिलेज हा गुडघ्यात दोन-चार मिलिमीटर जाडीचा थर, सत्तर-ऐंशी टक्के पाणी, त्याला ना रक्तवाहिनी ना नस, म्हणून एकदा खड्डा पडला की तो स्वतःहून नीट भरत नाही. खालच्या हाडाला बारीक भोकं पाडून रक्त वर आणायची पद्धत आहे, त्यानं जे भरतं ते व्रणासारखं तंतुमय कार्टिलेज असतं, मूळचं गुळगुळीत नाही. १९९४ साली स्वीडनच्या ब्रिटबर्ग आणि पीटरसन यांच्या टीमनं पेशंटच्याच गुडघ्यातल्या थोड्या पेशी घेऊन, लॅबमधे वाढवून, परत खड्ड्यात बसवल्याचं छापलं. पुढं त्या पेशी कोलॅजनच्या पातळ पडद्यावर पेरून तो पडदाच खड्ड्यात चिकटवायचं तंत्र आलं, अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१६ मधे मंजुरी मिळाली, आणि आपल्या देशात पण २०१७ साली स्वतःच्या कार्टिलेज पेशींच्या उपचाराला परवानगी मिळालेली आहे. पण हे सगळं कुणासाठी? कबड्डी खेळताना पडलेल्या पोराचा एका जागी पडलेला खड्डा, बाजूचं कार्टिलेज धड, पाय सरळ, लिगामेंट शाबूत. साठीतल्या आईचा आयुष्यभर निंदण-खुरपण करून सगळीकडून घासलेला आणि बाहेरून वाकलेला गुडघा, त्याच्यासाठी हे नाही. तुम्ही ओपीडीत हे सांगत असाल पण घाईत सांगता, आणि मग ते बाहेर पडून मला विचारतात. आणि मला भीती वाटते ती अशी की उद्या कुणीतरी शहाणा या घासलेल्या गुडघ्यांमधे जेल नाहीतर पट्टी टाकायला सुरू करेल, पैसे घेईल, आणि कुणाचा गुडघा किती चालला हे विचारायला कागदच नसेल. आजही इंजेक्शनांच्या बाबतीत काय चाललंय ते आपल्या दोघांना पण माहीत आहे, जाऊ द्या.

वहीचा फायदा नुसता चोर पकडायला नाही. माझा मेव्हणा जालन्याजवळ तुती लावून रेशीम करतो. जालन्याच्या कोष मार्केटला माल नेतो, भाव चढला की खुश, पडला की माझ्याकडं येऊन बसतो. त्याला एकदा मी सांगितलं की तू विकतोस त्या कोषातलं प्रथिन हाडात भरायला वापरायलेत, तर त्याला वाटलं चेष्टा करतोय. खरं आहे ते. कोषाचा साधारण पाऊण हिस्सा फायब्रोइन नावाचं प्रथिन आणि बाकी सेरिसिन नावाचा डिंक, तो डिंक सोड्याच्या पाण्यात उकळून काढायचा, फायब्रोइन विरघळवून त्याचा सच्छिद्र स्पंज बनवायचा. ऑपरेशनचे टाके रेशमाचे असतात हे तर तुम्ही रोज बघता. पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या) संशोधनातून रेशमाच्या प्रथिनाचं हाडातली पोकळी भरायचं साहित्य पुढं आलेलं आहे, म्हणजे काही तासांच्याच अंतरावर. मेव्हण्याला लगेच स्वप्नं पडू नयेत म्हणून सांगितलं बाबा मेडिकलला लागणारा कोष थोडाच असतो, तुझा भाव काय त्यानं वाढत नाही, निर्जंतुकीकरण, प्रत्येक बॅच तपासणं, वर्षानुवर्षांच्या चाचण्या, लई मोठी वाट आहे. तरी पण कोष इथला, हाडं मोडणारी माणसं इथली, आणि आपल्या दोन्ही विद्यापीठांत, संभाजीनगरला आणि नांदेडला, रसायन आणि पदार्थविज्ञानवाली पोरं अशा मटेरियलवर पीएचडी करतात. एक पोरगा माझ्या दुकानात ग्रॅन्युलचा रिकामा डबा मागायला आला होता, त्यानं अंड्याच्या टरफलापासून हायड्रॉक्सीॲपेटाइट बनवलेलं. मी म्हणलं पुढं काय? म्हणला कृत्रिम रक्तद्रवात ठेवून वर थर चढतो का बघितलं, पेशींवर विषारी नाही हे बघितलं, पेपर छापला, आता नोकरी बघायलोय. जनावरात बघितलं का? तर नाही, गाईड म्हणले डॉक्टर लोक आपल्याला विचारत नाहीत.

परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहे. हाडाच्या प्रयोगाला जगभर शेळी वापरतात कारण तिच्या हाडाचा आकार आणि वजन पेलायची पद्धत कामाची पडते, आणि उस्मानाबादी शेळी तर आपल्या दारात बांधलेली आहे. नियमाप्रमाणं परवानगी काढून करायचं काम आहे, पण होण्यासारखं आहे. आता हे लोक तुम्हाला विचारायला आले की सर, तुम्हाला नेमकी अडचण कुठं येते, माल लवकर विरघळतो का लवकर फुटतो का आत पू झाल्यावर टिकत नाही, तर तुम्ही काय उत्तर देणार? अंदाजानं सांगणार. वही असली तर पान उघडून दाखवणार. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं देशी हृदयाची झडप बनवली, डिसेंबर १९९० मधे पहिल्यांदा बसवली, आणि मग वेगवेगळ्या हॉस्पिटलांत बसवलेल्या पेशंटांचा वर्षानुवर्ष पाठपुरावा केला, तेव्हा कुठं बाकीच्या सर्जननी ती विश्वासानं हातात धरली. डॉक्टर, मटेरियलवाले आणि पेशंटची माहिती एका टेबलावर आली म्हणून.

अजून एक, बोन बँकेचं. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचा बॉल बदलताना जो जुना बॉल निघतो तो कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातो. चांगल्या हॉस्पिटलांत तो तपासून, साठवून दुसऱ्याच्या पोकळीत वापरतात, मुंबईला टाटा मेमोरियलची टिश्यू बँक १९८८ पासून गॅमानं निर्जंतुक केलेलं हाड पुरवते. आपल्याकडं घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी हॉस्पिटलात, किंवा लातूर, नांदेड, अंबाजोगाईच्या सरकारी कॉलेजात असं काही मोठ्या प्रमाणात उभं राहिलं तर माझे डबे कमी खपतील, खपू द्या. पण त्याला कायद्यानं रजिस्ट्रेशन लागतं आणि कोणाचं हाड कोणाला गेलं याची पक्की साखळी लागते. म्हणजे परत वहीच.

आता ती वही ठेवायची कुणी. आम्ही सप्लायर लोकांनी अजिबात नाही, आमचा स्वार्थ आहे, आमच्या हातात दिली तर प्रत्येक हाड भरलेलंच दिसेल. तुमच्या असोसिएशननं ठेवावी नाहीतर एखाद्या सरकारी कॉलेजच्या ऑर्थो विभागानं. नावाच्या जागी नंबर, म्हणजे पेशंटचं नाव बाहेर जाणार नाही. डॉक्टरचं नाव पण छापायचं नाही, सुरुवातीला तरी नाही, कारण मला माहीत आहे की खरी भीती वेळेची नाही, कोर्टाची आहे. कुणाच्या किती केस बिघडल्या हा विषयच नको, कोणता माल कुठं चालला एवढाच ठेवा. वय, जागा, पोकळी कशामुळं, माल आणि लॉट, किती सीसी, सोबत स्वतःचं हाड मिसळलं का, प्लेट का नेल, तंबाखू, शुगर, आणि पुढचे एक्सरे. रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, पाच मिनिटाचं काम आहे. पहिल्या वर्षी अर्ध्या रकान्यात काहीच नसेल, चालतंय. ज्यांना फडातून फोटो पाठवता आला त्यांचे तरी भरतील.

माझ्याकडनं मी एवढं करतोय की इथून पुढं प्रत्येक डब्यासोबत एक छापील कार्ड येईल, मराठीत, खिशात मावेल असं. त्याच्यावर एक स्टिकर चिकटवायचा, कोणत्या पायात कधी भरलं ते लिहायचं, आणि पेशंटच्या हातात द्यायचं. सिस्टरना मी सांगून ठेवलंय, उरलेले स्टिकर टाकू नका म्हणून. काही ठिकाणी त्या द्यायला पण लागल्यात, तुम्हाला न विचारता, त्यांना ओरडू नका. आणि वहीचं ठरवायला तुमच्या महिन्याच्या मीटिंगमधे हा विषय घेणार असाल तर तारीख कळवा, त्या दिवशीचा चहा माझ्याकडून. जेवण नाही, नियमात बसत नाही.

तुमचाच,
एक इम्प्लांट सप्लायर
छत्रपती संभाजीनगर